घरीं जुळविलेला संगणक व त्याची बिनतारी जोडणी

आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी अलीकडे स्वतःच्या हातानें संगणक जुळवूं लागले आहेत, ही आम्हांस मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते. एकेक भाग पारखून घेणें, तो जागच्या जागीं बसविणें आणि शेवटीं कळ दाबतांच पडदा उजळलेला पाहणें, ह्यांत जें शिक्षण आहे तें केवळ पुस्तकांतून मिळत नाहीं. परंतु ह्या उद्योगांत एक उणीव वारंवार आमच्या दृष्टीस पडते. प्रोसेसर कोणता घ्यावा, मेमरी किती असावी, पॉवर सप्लाय किती वॉटचा असावा, ह्यांविषयीं मुलें आठ-आठ दिवस खल करितात. आणि वाय-फाय व ब्लूटूथ ह्यांचें साधन मात्र सर्वांच्या शेवटीं, उरल्यासुरल्या पैशांत, दुकानदार जें पुढें करील तें घेऊन मोकळीं होतात. मग यंत्र चालूं लागतें, पण व्याख्यान ऐकतांना मध्येंच खंड पडतो, माऊस अडखळतो, हेडफोनमधील आवाज तुटतो. आणि ज्यानें तें यंत्र जुळविलें त्या मुलाच्या कसबावरून घरांतील वडील माणसांचा विश्वास उडतो. वास्तविक पुष्कळदां त्याच्या हाताचा दोष नसतो. दोष निवडींत असतो.

म्हणून ह्या लेखांत बिनतारी साधनाच्या निवडीचा क्रमवार विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचा मुख्य सिद्धांत आरंभींच सांगून टाकतों. साधन निवडावयाचें तें आपलें घर, आपला मदरबोर्ड आणि आपली गरज ह्या तिहींच्या मापानें; पेटीवर छापलेला आंकडा पाहावयाचा तो त्यानंतर.

लहरींची ओळख

बिनतारी म्हणजे तारेवांचून. तार नसली तरी निरोपास वाहन लागतेंच, आणि येथें तें वाहन म्हणजे विद्युच्चुंबकीय लहरी. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ ह्यानें १८८७-८८ च्या सुमारास अशा लहरी प्रयोगशाळेंत उत्पन्न करून दाखविल्या. आपल्या देशांत १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस ह्यांनीं लोकांसमक्ष प्रयोग करून, मध्यें कोणतीही तार नसतां, दूर ठेविलेली घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. त्यांनीं वापरलेल्या कांहीं लहरींची लांबी अवघी ५ मिलिमीटर होती. बोस हे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे विद्यार्थी. तेथील जेझुइट अध्यापक फादर लाफों ह्यांच्या प्रयोगांनीं त्यांस पदार्थविज्ञानाची गोडी लागली. मिशनच्या एका वर्गांत लागलेली गोडी पुढें कोठवर गेली, हें आपल्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

वाय-फाय व ब्लूटूथ ह्या दोहोंचें काम अशाच लहरींवर चालतें. त्यांच्या लांबीचा हिशेब आठवीच्या मुलासही करतां येईल. लहरींचा वेग सेकंदास सुमारें ३० कोटी मीटर. ह्या वेगास वारंवारतेनें भागिलें म्हणजे लांबी निघते. वाय-फायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदास २४० कोटी आंदोलनांचा. त्याची लांबी १२.५ सेंटिमीटर येते. ५ गिगाहर्ट्झची लांबी ६ सेंटिमीटर, आणि ६ गिगाहर्ट्झची ५ सेंटिमीटर.

हा हिशेब केवळ कौतुकाचा नाहीं. सामान्यतः लहर जितकी आंखूड तितकी ती भिंतींत, दारांत व माणसाच्या अंगांत अधिक जिरते. म्हणून २.४ चा पट्टा दूरवर पोंचतो. ५ चा पट्टा एका भिंतीपलीकडे बरा चालतो, तीन भिंतींपलीकडे थकतो. आणि ६ चा पट्टा बहुधा राउटर असेल त्याच किंवा लगतच्या खोलींत खरा उपयोगी पडतो. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या व बंगल्यांच्या काळ्या दगडी भिंती हात-दीड हात जाड असतात. तेथें हा भेद फारच जाणवतो. शिवाय मोकळ्या जागेंतसुद्धां अंतर दुप्पट झालें कीं मिळणारी शक्ति चतुर्थांश होते, हा नियम आपण प्रकाशाच्या पाठांत शिकलोंच आहों.

मग सर्वांनीं २.४ चाच पट्टा कां वापरूं नये? कारण तेथें गर्दी फार. त्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच धरितात, ते १, ६ व ११ ह्या क्रमांकांचे. तीन पाणवठे आणि साऱ्या गांवाच्या घागरी, अशी तेथील स्थिति असते. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, बिनतारी माऊस, आणि २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारी मायक्रोवेव्ह भट्टी, हीं सर्व तेथेंच येतात. ५ च्या पट्ट्यांत मार्ग पुष्कळ असल्यानें तेथें निरोप सुरळीत जातात. तेव्हां दोन्ही पट्टे चालविणारें साधन घ्यावें, हा पहिला निर्णय. केवळ २.४ वर चालणारें स्वस्त साधन आज घेणें म्हणजे दाट वस्तींत राहणाऱ्यानें पस्तावा विकत घेणें होय.

हे पट्टे सरकारी नियमांनीं बांधलेले असतात, हेंही जाणावें. आपल्या देशांत २.४ चा पट्टा २००५ सालीं परवान्यावांचून वापरण्यास मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झमधील एकंदर ६०५ मेगाहर्ट्झचा विस्तृत भाग २०१८ सालच्या ऑक्टोबरांत मोकळा झाला. ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ ह्या भागाविषयींच्या नियमांचा मसुदा दूरसंचार खात्यानें २०२५ च्या मे महिन्यांत प्रसिद्ध केला. म्हणून ६ गिगाहर्ट्झसाठीं अधिक पैसे मोजण्यापूर्वीं राजपत्रांतील अंतिम नियम आणि आपल्या घरच्या राउटरची क्षमता, हीं दोन्ही पाहून घ्यावीं.

तार पुरेल काय?

बिनतारी साधन निवडण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस विचारावें कीं, वाय-फाय मला हवेंच आहे काय? फोन व लॅपटॉप हे फिरस्ते. त्यांस तार म्हणजे दावें. मेजावरचा संगणक मात्र जागचा हलत नाहीं. राउटर त्याच खोलींत असेल तर चार-पांच मीटरच्या इथरनेट केबलीनें काम भागतें. इथरनेटचें तोंड आजच्या बहुतेक सर्व मदरबोर्डांवर असतेंच. त्याची गति साधारणतः सेकंदास १००० मेगाबिट, आणि केबल १०० मीटरपर्यंत नेतां येते. त्या तारेस भिंतीची अडचण नाहीं, शेजाऱ्याची नाहीं, मायक्रोवेव्ह भट्टीचीही नाहीं. ज्यास घरून परीक्षा द्यावयाची आहे किंवा दूरच्या शिक्षकाशीं बोलून शिकावयाचें आहे, त्यानें तार ओढणें शक्य असल्यास तार ओढावी, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. तार दिसते म्हणून यंत्र जुनाट ठरत नाहीं.

तारेनें वाय-फायची गरज भागली तरी ब्लूटूथची भागत नाहीं. हेडफोन, कीबोर्ड वा माऊस बिनतारी हवा असेल तर निव्वळ ब्लूटूथचें बोटाच्या पेरायेवढें डोंगल मिळतें, तेवढेंच घ्यावें. येथें एक सूचना. कांहीं माऊसांबरोबर स्वतःचें लहानसें यूएसबी ग्राहक येतें. तो माऊस २.४ गिगाहर्ट्झवर पण स्वतःच्या निराळ्या रीतीनें बोलतो व त्यास ब्लूटूथ लागत नाहीं. जें घरांत आहे त्यास काय लागतें हें आधीं पाहावें.

आंकड्यांचा अर्थ

वाय-फायचे नियम आयईईई ही संस्था ८०२.११ ह्या क्रमांकाखालीं ठरविते. पहिला नियमसंच १९९७ चा. त्याची कमाल गति सेकंदास २ मेगाबिट. १९९९ सालीं ती ११ मेगाबिट झाली. पुढें अक्षरांची गुंतागुंत वाढली, तेव्हां २०१८ सालीं वाय-फाय अलायन्सनें सोपे क्रमांक दिले. २००९ चा 'एन' तो वाय-फाय ४. २०१३ चा 'एसी' तो वाय-फाय ५. ज्याचें प्रमाणीकरण २०१९ सालीं सुरू झालें तो 'एएक्स' वाय-फाय ६. हाच ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालला म्हणजे त्यास ६ई म्हणतात. वाय-फाय ७ चें प्रमाणीकरण २०२४ च्या जानेवारींत सुरू झालें. नवें साधन सामान्यतः जुन्या राउटरशीं बोलूं शकतें. पण दोघांपैकीं जो मागें असेल त्याच्या गतीनें तें बोलणें चालतें.

आतां पेटीवरील मोठा आंकडा पाहूं. 'एएक्स ३०००' असें लिहिलेलें साधन सेकंदास ३००० मेगाबिट देईल, असें विद्यार्थ्यांस वाटतें. हा आंकडा बहुधा असा बनतो: ५ च्या पट्ट्यांतील कमाल २४०२ आणि २.४ च्या पट्ट्यांतील कमाल ५७४, मिळून २९७६. तोच वाढवून ३०००. वाय-फाय ६ चा संगणक एका वेळीं एकाच पट्ट्यानें राउटरशीं जोडलेला असतो. मग दोहोंची बेरीज त्याच्या काय कामाची? दोन दारें असलेल्या घरांत एक मनुष्य एका वेळीं एकाच दारानें आंत येतो. शिवाय २४०२ हा आंकडा १६० मेगाहर्ट्झचा रुंद मार्ग राउटरनें दिला तरच लागू पडतो. मार्ग ८० चा असेल तर तो १२०१ होतो. आणि हीसुद्धां लहरींवरील कच्ची गति. तींतून बोलण्याच्या शिस्तीचा खर्च वजा जातो, व हातीं येतें तें पुष्कळ कमी असतें.

साखळीचें बळ तिच्या सर्वांत कमजोर कडीइतकें. घरीं येणारी इंटरनेटची जोडणी १०० मेगाबिटची असेल तर बाहेरून येणारा मजकूर सेकंदास १०० मेगाबिटच येणार, मग कार्ड वाय-फाय ५ चें असो कीं ७ चें. म्हणून राउटर वाय-फाय ५ किंवा ६ चा असतां संगणकास वाय-फाय ७ चें कार्ड घेणें बहुधा व्यर्थ खर्च होय. दोन अँटेनांचें वाय-फाय ६ किंवा ६ई चें साधन सामान्य विद्यार्थ्याच्या घरीं पुरेसें आहे. वाय-फाय ६ चा खरा लाभ कमाल गतीपेक्षां वांटणींत आहे. घरांतील अनेक यंत्रें एकदम बोलूं लागलीं असतां राउटर एकाच फेरींत अनेकांस थोडें थोडें देऊं शकतो. २०१८ सालीं आलेली डब्ल्यूपीए३ ही सुरक्षेची नवी रीत साधनास ठाऊक आहे कीं नाहीं, हेंही पाहावें.

साधनांचे चार प्रकार

पहिला प्रकार, मदरबोर्डवरच बसविलेलें साधन. नवा मदरबोर्ड घ्यावयाचाच असेल तर वाय-फाय असलेला व नसलेला अशा एकाच जातीच्या दोन बोर्डांच्या किंमतींतील फरक पाहावा. तो फरक निराळ्या कार्डाच्या किंमतीहून कमी असेल तर हाच मार्ग उत्तम. तारा कमी, चुका कमी.

दुसरा प्रकार, एम.२ चें लहान कार्ड. हें २२ मिलिमीटर रुंद व ३० मिलिमीटर लांब असतें. कित्येक मदरबोर्डांवर ह्यासाठीं 'ई-की' नांवाचा स्लॉट असतो. एसएसडीचा एम.२ स्लॉट दिसण्यांत तसाच, परंतु त्याची खांच दुसऱ्या जागीं असते व तो 'एम-की' म्हणून ओळखला जातो. एकाचें कार्ड दुसऱ्यांत बसत नाहीं. बळानें बसवूं जाल तर दोन्ही गमवाल. ह्या कार्डावरील अँटेनाच्या तारांचीं टोंकें अगदीं बारीक असतात. तीं सरळ वरून हलक्या बोटानें दाबावीं, व विनाकारण पुनःपुन्हां काढूं नयेत.

तिसरा प्रकार, पीसीआय एक्स्प्रेसचें कार्ड. पुष्कळदां हें दुसऱ्या प्रकारचें लहान कार्डच एका पट्टीवर बसवून विकलेलें असतें. तें आंखूड एक्स-१ स्लॉटांत बसतें, तसेंच लांब स्लॉटांतही बसतें. बोर्डवर स्लॉट आहे येवढें पाहून भागत नाहीं. मोठें ग्राफिक्स कार्ड दोन-तीन जागा अडवितें व आंखूड स्लॉट त्याच्याखालीं झांकला जातो. फूटपट्टी घेऊन प्रत्यक्ष मोजावें.

चौथा प्रकार, यूएसबी डोंगल. हें बसविण्यास सर्वांत सोपें, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्यास सोयीचें, आणि जुन्या यंत्रास तर वरदानच. परंतु ह्याचा अँटेना लहान, आणि गति यूएसबीच्या तोंडावरही अवलंबून. यूएसबी २.० ची कमाल गति ४८० मेगाबिट. मग डोंगलवर १२०० लिहिलें असलें तरी त्या तोंडांतून ४८० च्या वर कांहीं जाणार नाहीं.

दुसऱ्या प्रकाराविषयीं एक सावधगिरी विशेष महत्त्वाची आहे. इंटेलच्या कार्डांपैकीं एएक्स२०० व एएक्स२१० हीं सर्वसाधारण कार्डें, आणि एएक्स२०१ व एएक्स२११ हीं 'सीएनव्हीआय' पद्धतीचीं. ह्या दुसऱ्या पद्धतींत साधनाचें अर्धें काम इंटेलच्या प्रोसेसर व चिपसेट ह्यांमध्यें होतें. कार्डावर उरलेलें अर्धेंच असतें. म्हणून शेवटीं १ असलेलें हें कार्ड एएमडीच्या बोर्डवर चालत नाहीं, आणि इंटेलच्याही ज्या बोर्डवर त्याची सोय नाहीं तेथें चालत नाहीं. दुकानांत तें किंचित् स्वस्त दिसतें, स्लॉटांत व्यवस्थित बसतें, आणि यंत्र त्यास ओळखीतच नाहीं! एका आंकड्याच्या भेदानें सारे पैसे वायां जातात. बोर्डच्या माहितीपुस्तकांत 'सीएनव्हीआय' हा शब्द आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून असें कार्ड घेऊं नये.

ब्लूटूथची वाट निराळी

ब्लूटूथ ह्या नांवाचा इतिहास मनोरंजक आहे. स्वीडनमधील एरिक्सन कंपनींत १९९४ सालीं ह्या कामास आरंभ झाला, आणि १९९८ सालीं एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया व तोशिबा ह्या पांच कंपन्यांनीं मिळून संघ स्थापिला. दहाव्या शतकांत डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ ह्यानें विखुरलेले लोक एका राज्याखालीं आणिले. तशीं निरनिराळीं यंत्रें एका भाषेखालीं यावींत, म्हणून त्याचें नांव घेतलें. ब्लूटूथचें चिन्ह त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें प्राचीन रूनी लिपींत जोडून केलेलें आहे. ह्याच राजानें डेन लोकांस ख्रिस्ती केलें, असा लेख डेन्मार्कांतील येलिंग येथील शिळेवर आहे.

ब्लूटूथही २.४ च्याच गर्दींत राहतें. त्याच्या मूळ पद्धतींत १ मेगाहर्ट्झचे ७९ मार्ग असून सेकंदास १६०० वेळां एका मार्गावरून दुसऱ्यावर उडी मारण्याची रीत आहे. २००३ सालापासून जे मार्ग वाय-फायनें व्यापलेले दिसतील ते टाळून उड्या मारण्याचें शहाणपणही त्यास आलें. वाय-फाय व ब्लूटूथ एकाच कार्डावर असलीं म्हणजे तीं आपसांत वेळ वांटून घेतात. निरनिराळीं दोन डोंगलें शेजारीं शेजारीं लावलीं तर तशी समजूत त्यांच्यांत नसते.

आतां ह्या लेखांतील सर्वांत उपयोगी गोष्ट सांगतों. एकाच कार्डावर दोन्ही साधनें असलीं तरी, सर्वसाधारण कार्डांत, मदरबोर्डशीं त्यांचें दळणवळण दोन निराळ्या वाटांनीं चालतें. वाय-फाय पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेनें जातें. ब्लूटूथ यूएसबीच्या वाटेनें. मदरबोर्डवरील ई-की स्लॉटांत दोन्ही वाटा आणून दिलेल्या असतात, म्हणून तेथें कांहीं करावें लागत नाहीं. पण तिसऱ्या प्रकारचें कार्ड स्लॉटांत बसविलें असतां त्यास फक्त पहिली वाट मिळते. दुसरीसाठीं पेटींत एक बारीक केबल दिलेली असते. तिचें एक टोंक कार्डास व दुसरें मदरबोर्डवरील नऊ पिनांच्या यूएसबी २.० च्या जोडणीस लावावयाचें असतें. ही केबल राहून गेली कीं वाय-फाय उत्तम चालतें, ब्लूटूथचा पत्ताच नसतो. आणि मुलगा ड्रायव्हर पुनःपुन्हां चढवीत बसतो, किंवा कार्ड सदोष म्हणून परत पाठवितो.

खरेदीपूर्वींच बोर्डवर नऊ पिनांच्या अशा जोडण्या किती आहेत हें मोजावें. बहुधा एक किंवा दोन असतात. कॅबिनेटच्या पुढील यूएसबी तोंडें, पाण्यानें थंड करणारें यंत्र, रंगीत दिव्यांचा नियंत्रक, हीं सर्व त्यांवरच हक्क सांगतात. एकही मोकळी नसेल तर ब्लूटूथसाठीं निराळें डोंगल घ्यावें लागेल. हें आधीं कळलेलें बरें.

अँटेना कोठें ठेवावा?

मायकेल फॅरडे ह्यानें १८३६ सालीं दाखवून दिलें कीं, धातूच्या पिंजऱ्याच्या आंत बाहेरील विद्युत्प्रभाव पोंचत नाहीं. संगणकाचें कॅबिनेट हा असाच एक पिंजरा होय. म्हणून अँटेना आंत ठेवून उपयोग नाहीं. आणि कॅबिनेटच्या पाठीमागें स्क्रूनें लावलेला अँटेनासुद्धां धातूची पेटी व भिंत ह्यांच्या सांदींत सांपडतो. ज्या कार्डाबरोबर तारेनें बाहेर आणतां येणारा, बुडाशीं लोहचुंबक असलेला अँटेना येतो तें पसंत करावें, व तो अँटेना मेजावर किंवा कॅबिनेटच्या माथ्यावर, राउटरच्या बाजूस मोकळा ठेवावा. ब्लूटूथही ह्याच अँटेनांतून बोलतें. अँटेना न लावतां 'ब्लूटूथ दोन हातांवर तुटतें' अशी तक्रार करणारे आम्हीं अनेक पाहिले आहेत.

डोंगल वापरणाऱ्यानें आणखी एक गोष्ट संभाळावी. यूएसबी ३.० च्या तोंडांतून व तारांतून जो विद्युत्कोलाहल निघतो तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलनें २०१२ सालीं ह्याविषयीं सविस्तर माहिती प्रसिद्ध केली. बाहेरची हार्डडिस्क यूएसबी ३.० वर चालूं असतां शेजारच्या तोंडांतील डोंगलवरचा माऊस अडखळतो, त्याचें कारण पुष्कळदां हेंच. उपाय अगदीं स्वस्त आहे. एक मीटरभर यूएसबी २.० ची वाढीव केबल घेऊन ब्लूटूथचें डोंगल त्या जागेपासून दूर, मोकळ्यावर आणावें.

बसवितांना

वीज पूर्ण बंद करून, कॅबिनेटच्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् घालवून मगच कार्डास हात लावावा. नवीन यंत्रांत वाय-फायचा ड्रायव्हर कधीं कधीं नसतो, आणि तो आणावयास इंटरनेट लागतें. म्हणून ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर आधींच घेऊन ठेवावा, अथवा प्रथम तारेनें जोडावें. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावयाचा तर विंडोज ११ लागतें. विंडोज १० चा सामान्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. लिनक्स वापरणाऱ्यांनीं गाभ्याची आवृत्ति पाहावी. एएक्स२१० ला ५.१० किंवा पुढची हवी. तारेचा एक साधा कीबोर्ड घरांत असूं द्यावा. कारण विंडोज अगर लिनक्स सुरू होण्यापूर्वीं, बायोसच्या पडद्यावर, ब्लूटूथचा कीबोर्ड बहुधा चालत नाहीं. शेवटची सूचना हेडफोनविषयीं. ब्लूटूथच्या जुन्या पद्धतींत हेडफोनचा मायक्रोफोन चालूं केला कीं ऐकूं येणारा आवाज टेलिफोनसारखा बारीक होतो. तो कार्डाचा दोष नव्हे. वर्गासाठीं बोलावयाचें असेल तर तारेचा मायक्रोफोन निराळा ठेवावा.

तीन घरें

वरील विचार तीन कल्पित घरांस लावून पाहूं. पहिलें घर दोन खोल्यांचें, राउटर मेजाजवळच. येथें इथरनेटची केबल व ब्लूटूथचें लहान डोंगल पुरे. वाय-फायचें कार्ड घेऊंच नये; वांचलेले पैसे मेमरीस लावावे.

दुसरें घर दगडी भिंतींचें. राउटर दोन खोल्या पलीकडे, तार नेण्यास घरमालकाची मनाई. बोर्ड एएमडीचा, वाय-फायवांचून. येथें एएक्स२१० सारखें सर्वसाधारण पद्धतीचें पीसीआय एक्स्प्रेस कार्ड, तारेवरचा अँटेना, आणि नऊ पिनांची मोकळी जोडणी, हीं तिन्ही जमवावीं. ५ चा पट्टा भिंतीपलीकडे थकला तर २.४ आहेच. तरीही न भागल्यास राउटरची जागा बदलून पाहावी. कार्डावर दुप्पट खर्च केल्यानें भिंत पातळ होत नाहीं.

तिसऱ्या घरीं कोणी दिलेला जुना संगणक; स्लॉट झांकलेले, काम केवळ वाचनाचें व पत्रव्यवहाराचें. तेथें दोन पट्ट्यांचें यूएसबी डोंगल वाढीव केबलीवर लावलें कीं झालें.

मनोरा बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दाखला आपण शुभवर्तमानांत वाचितों. त्यांतील बोध संगणक जुळविणाऱ्यासही लागू आहे. आपल्या शाळेंतील बहुतेकांच्या घरीं हा पैसा वडिलांनीं महिन्या-महिन्याला बाजूस टाकून जमविलेला असतो. तो खर्चण्यापूर्वीं एक संध्याकाळ फूटपट्टी, माहितीपुस्तक व कागद घेऊन बसणें, हें त्या कष्टांविषयींच्या आदराचें लक्षण होय. आणि ज्यास हें समजलें त्यानें शेजारच्या घरचें यंत्र जुळवितांना तीच काळजी घ्यावी. कारण तेथेंही तो पैसा कोणाच्या तरी श्रमाचाच असतो.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी किती सेंटिमीटर येईल?

२. एका पेटीवर 'एसी १३००' असें आहे. आंत ८६७ व ४०० असे दोन आंकडे आहेत. छापलेला आंकडा कसा आला व संगणकास त्यांपैकीं एका वेळीं कमाल कोणता लागू पडेल?

३. वाय-फाय चालतें पण ब्लूटूथ दिसत नाहीं. कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटांत आहे. प्रथम काय तपासाल?

४. घरीं प्रयोग करा: अँटेना कॅबिनेटच्या पाठीमागें, माथ्यावर व मेजावर ठेवून फाइल उतरविण्यास लागणारा वेळ प्रत्येक जागीं तीन वेळां मोजा, सरासरी काढा, व कोष्टक वर्गांत आणा.